खोटा पाऊस आणि खरं ऊन

आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काम मात्र कुणी दिलं नाही. मग ते घरातच काम शोधायला लागले. स्वयंपाकघरात त्यांना सगळीकडे धोका दिसायचा.

"अगं, तेलाचा डबा गॅसजवळ कशाला? उद्या भडका उडाला तर?"

मी डबा सरकवायची. ते पेपर वाचायला गेले की तो पुन्हा आपल्या जागी यायचा. असं बरीच वर्षं चाललं. आमच्या स्वयंपाकघरात काही भडका उडाला नाही, त्यामुळे ते जरा हिरमुसलेलेच असत.

मग सरकारची कुठलीशी योजना आली. भोपाळच्या प्रत्येक कॉलनीने आपली आपत्ती समिती नेमायची, आग लागली, पूर आला, कुणी आजारी पडलं तर गाडी येईपर्यंत लोकांनी काय करायचं ते शिकायचं. बिट्टन मार्केटच्या मागची आमची कॉलनी तशी जुनी, बहुतेक घरं नोकरीवाल्यांची, त्यात मराठी बरीच. समितीचा कप्तान कोण, असं विचारल्यावर ह्यांनी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही. संध्याकाळी हे नारिंगी जाकीट आणि गळ्यात शिट्टी घालून घरी आले. जेवतानाही शिट्टी काढली नाही. वरणात बुडाली तेव्हा काढली.

माझ्याबद्दल लिहायचं तर मी कमी बोलते. आमच्या वऱ्हाडातल्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, तेवढी मी केली. वाचायला आवडतं, लिहायलाही येतं, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. लग्न होऊन भोपाळला आले तर इथे सगळं हिंदी. समजायला लागलं लवकर, बोलायला मात्र फार वर्षं लागली, आणि मधल्या काळात माझ्या वतीने बोलायचं काम शेजारच्या ताईंनी घेतलं. त्या ग्वाल्हेरच्या. मराठी आणि हिंदी दोन्ही एकाच तोंडातून, एकाच वेळी. मला वहिनी म्हणतात, ह्यांना भाऊजी. डॉक्टरांकडे गेलो तर माझा खोकलासुद्धा ताईच सांगायच्या. "परवापासून आहे, रात को ज़्यादा, आणि ह्या काढा घेत नाहीत." मी फक्त जीभ बाहेर काढायची. ताईंचे यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहतात, मुलगा पुण्याला असतो. आमच्या दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर कोपर टेकून ताई सकाळी बोलायला उभ्या राहतात, त्या कुकरची शिट्टी झाली तरच आत जातात.

समितीची पहिली बैठक आमच्याच घरी झाली. चहा मी केला आणि आतच थांबले, पण दार उघडं होतं. एक रंगीत तालीम करायची होती, म्हणजे खोटं संकट उभं करून लोकांनी खरं वागून दाखवायचं. संकट कोणतं घ्यायचं, यावर चर्चा झाली. एक तरुण गृहस्थ म्हणाले, "भोपाळ आहे, गॅसच घेऊ. लोकांना लगेच कळेल."

 मग कोपऱ्यात बसलेले मास्तर बोलले. हे निवृत्त शाळामास्तर, गॅसकांड झालं तेव्हा जुन्या शहरात राहायचे. "त्याचं नाटक नको," एवढंच म्हणाले. कुणी वाद घातला नाही. ह्यांनीसुद्धा पेनाला टोपण लावलं.

शेवटी पाऊस ठरला. आमच्या कॉलनीच्या मागून नाला जातो, पावसाळ्यात तो चढतो, आणि समाजभवनाची मागची भिंत ओल धरून फुगलेली आहे. तेव्हा असं समजायचं की मुसळधार पावसात ती भिंत पडली आणि माणसं खाली सापडली. एवढं ठरवायला त्यांना तीन वेळा चहा लागला. तारीख मात्र मुलांच्या परीक्षा, मग दोन लग्नं, मग कुणाची तीर्थयात्रा असं करत पुढे पुढे गेली, आणि बसली ती बरोबर नवतपात. नवतपा म्हणजे इकडे मे महिन्याच्या शेवटी ऊन सगळ्यात जास्त तापतं ते दिवस. त्या दिवसांत कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओल्या जागेवरून उठत नाहीत. आम्ही पावसाची तालीम करणार होतो.

शिकवायला एक तरुण आला होता. गोड बोलायचा, सगळ्या बायकांना माताजी म्हणायचा. त्याने रंगीत पट्ट्या आणल्या. पेशंटच्या मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे याला आधी उचला. पिवळी म्हणजे हा थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे हा आपल्या पायांनी चालत जाईल. आणि काळी म्हणजे याच्यासाठी आता घाई करून उपयोग नाही.

काळी कुणी घेईना. एक बाई म्हणाल्या, सवाष्णीला काळी पट्टी कशी बांधता? दुसरे म्हणाले, माझ्या साडेसातीत नको. ह्यांनी समजावलं की हे सगळं खोटं आहे. "खोटं आहे तर तुम्ही बांधा," ताई म्हणाल्या. हे म्हणाले, कप्तान मेला तर शिट्टी कोण वाजवणार? शेवटी मास्तरांनी विचारलं, "काळ्या पट्टीवाल्याला काही करावं लागतं का?" नुसतं पडून राहायचं, असं कळल्यावर त्यांनी आनंदाने हात पुढे केला.

ताईंना लाल पाहिजे होती. "आमच्या ग्वाल्हेरच्या गणेशोत्सवात मी नाटकात काम केलंय भाऊजी. मला बेशुद्ध पडता येतं."

"पडता येईल हो. पण गप्प राहता येईल का?" हे म्हणाले.

सगळे हसले, ताईसुद्धा हसल्या. त्यांना पिवळी मिळाली, पाय मोडलेली, कारण तिला ओरडायची परवानगी होती. लाल माझ्या वाट्याला आली. "हिला द्या," हे म्हणाले, "हिला नाही तरी काही बोलायचंच नसतं." माझ्या डोक्याला मार लागलेला होता आणि मी अर्धवट शुद्धीत होते. शिकवणारा मुलगा म्हणाला, "माताजी, थोड़ा बड़बड़ाना है. कुछ भी."

मी ताईंकडे बघितलं. "काय बडबडू?"

"मनात येईल ते. एवढ्या वर्षांचं साठलंय की तुमच्याकडे!"

आणि उचलणाऱ्या पोरांना त्याने चारचारदा बजावलं, लाल पट्टीचा पेशंट काहीही बोलेल, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, उचला आणि चला.

तालमीच्या दिवशी सकाळी ताई आल्या त्या पैठणी नेसून. संकष्टी होती, म्हणून नुसता अर्धा कप चहा घेऊन निघाल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, सुती नेसा हो. आणि दोन घोट पाणी तरी प्या."

"पेपरात फोटो येणार आहे वहिनी. भिंत अंगावर पडली तेव्हा मी जुनेर नेसले होते, असं सगळ्या भोपाळला दाखवू?"

तालीम आठला सुरू व्हायची होती, ऊन चढायच्या आत. पण वरच्या ऑफिसातले एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते आणि ते आले नव्हते. ह्यांना सगळे म्हणाले, सुरू करा. हे म्हणाले, येतीलच. आम्ही कडुनिंबाखाली उभे होतो. सावली हळूहळू अंग आखडत झाडाच्या बुंध्याशी गेली, तरी हे फाटकाकडेच बघत होते. साहेब आले तेव्हा जमिनीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता.

आम्हा पेशंटांना समाजभवनाच्या भिंतीजवळ उघड्यावर निजवलं. खाली सतरंजी होती, आजूबाजूला खऱ्या विटा मांडल्या होत्या. माझ्या कपाळावर कुंकू कालवून रक्त केलं होतं. ते ओघळून कानात जात होतं. माझ्या डाव्या हाताला ताई, उजवीकडे मास्तर. मास्तर डोळ्यांवर रुमाल टाकून खरंच झोपले. शिकवणारा मुलगा भोंग्यातून सांगायला लागला, "सोचिए, मूसलाधार बारिश हो रही है!" उचलणारी पोरं रेनकोट घालून उभी होती. त्यांच्या तोंडावरून घाम असा वाहत होता की पाऊस पडतोय हे पटत होतं.

पण उचलायच्या आधी साहेबांचं भाषण होतं. पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवात पंखा लावलेला होता. साहेब म्हणाले, संकटातही जे शहर उभं राहतं ते खरं शहर. आम्ही आडवे पडून ऐकत होतो.

ताईंनी काम मात्र झकास सुरू केलं. "अगं आई गं! माझा पाय! कोणीतरी धावा रे!" आणि मध्येच आवाज खाली आणून, "वहिनी, साहेबांच्या शर्टाचं बटण बघा, तुटलंय." मला हसू यायचं, पण मी अर्धवट शुद्धीत असल्यामुळे हसता येत नव्हतं. मग पुन्हा, "हाय रे माझा पाय!"

थोड्या वेळाने त्यांचं ओरडणं विरळ झालं. मग त्या म्हणाल्या, "वहिनी, दूध उतू जातंय. बंद करा ना."

मला वाटलं, नाटक वाढवतायत. मी डोळे मिटूनच म्हटलं, "केलं बंद."

"आई, दूध..." त्या म्हणाल्या.

मग काहीच बोलल्या नाहीत. मला आधी मजाच वाटली. ताई दमल्या, हे उद्या भिंतीवरून त्यांना ऐकवायचं असं मी मनात ठरवलं. पण ती शांतता काही बरी वाटेना. इतक्या वर्षांत ताई माझ्या शेजारी जाग्या आहेत आणि गप्प आहेत, असं कधी झालंच नव्हतं. मी सतरंजीवरून हात सरकवून त्यांच्या हाताला लावला. तव्याला लागल्यासारखा वाटला. मी घामाने निथळत होते आणि त्यांचा हात कोरडा होता. डोळे अर्धे उघडे होते, कुठेच बघत नव्हते. मी हलवलं. "ताई. ताई, बास आता." पैठणीची जर तेवढी चमकत होती.

तेवढ्यात ह्यांची शिट्टी वाजली आणि पोरं धावत आली. ती ताईंच्या अंगावरून वाकून माझ्याकडे आली, कारण माझ्या हाताला लाल पट्टी होती.

"मला नको," मी म्हटलं, "यांना घ्या."

"लाल पहले, माताजी." त्यांनी मला स्ट्रेचरवर घेतलं आणि पट्टे आवळले. पट्टे आवळायचा सराव त्यांनी आठवडाभर केला होता.

"अरे, सच में! ताई को देखो! खरंच काहीतरी झालंय!"

"बहुत बढ़िया, माताजी," एक पोरगा धापा टाकत म्हणाला. "ऐसे ही बोलते रहिए."

मी ओरडायला लागले. मांडवातल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मला त्यांचं स्पष्ट ऐकू येत होतं. "अगंबाई, किती छान करतेय! आपल्याला वाटायचं हिला तोंडच नाही." दुसरी म्हणाली, "डोळ्यात पाणी बघ की. खरं वाटतंय अगदी." मी जेवढी खरी ओरडत होते तेवढी शाबासकी वाढत होती. आणि ते स्ट्रेचर मला ताईंपासून लांब लांब नेत होतं. मान वळवून बघितलं तर त्या तशाच पडलेल्या, त्यांच्यावर सरळ ऊन, आणि पिवळ्या पट्टीला अजून वेळ होता.

स्ट्रेचर मांडवाजवळ ह्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं. ह्यांच्या हातात आता भोंगा होता. "पहिला रुग्ण बाहेर काढण्यात आला आहे," हे साहेबांकडे बघत सांगत होते. "रुग्ण असंबद्ध बोलत आहे. हे डोक्याला मार लागल्याचं लक्षण आहे."

"अहो!" मी म्हटलं.

ह्यांनी डाव्या हाताने मला थांब अशी खूण केली.

"अहो! अहो, ऐका ना!"

त्या मांडवात निम्म्या पुरुषांना कुणी ना कुणी अहो म्हणतच होतं. कुणाच्याच कानाला ते लागलं नाही.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आता घेतात, माझ्या सुना खुशाल घेतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण मी घेत नाही. लग्नात उखाणा घेताना एकदा घेतलं होतं, तेही इतकं हळू की नणंदेने पुन्हा घ्यायला लावलं. त्यानंतर नाही. रेशनच्या खिडकीत, मतदानाच्या यादीत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की मी कागदावर बोट ठेवायची, किंवा ताई सांगायच्या. कॉलनीत सगळ्यांना हे माहीत आहे. बायका त्यावरून मला छळतात.

ते नाव मी घेतलं. पुढे काही नाही, मागे राव नाही. शाळेतल्या मुलाला हाक मारावी तसं, जिवाच्या आकांताने. आणि भोंगा माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होता आणि चालू होता. त्यामुळे ते नाव साऱ्या कॉलनीवरून गेलं. लांबच्या घरात ज्यांनी दारं लावून घेतली होती त्यांनाही ते ऐकू गेलं, असं नंतर कळलं.

टाळ्या थांबल्या. साहेबांचा शरबताचा ग्लास अर्ध्यावर थांबला. तिकडे विटांमध्ये मास्तर उठून बसले.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग भोंगा खाली ठेवून वाकले आणि म्हणाले, "काय झालं?"

"ताई," मी म्हटलं. "खरंच. ताईंना बघा."

हे धावले. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं जिना न चढलेला माणूस विटांवरून उड्या मारत गेला. शिकवणारा मुलगा त्यांच्या मागे. आणि त्याचं कौतुक केलंच पाहिजे, हात लावल्याबरोबर तो बदलला. "लू लगी है. छाँव में! पानी लाओ!" पोरांनी ताईंना उचलून मांडवात पंख्याखाली नेलं. बायकांनी त्यांना गराडा घालून कपडे सैल केले. साहेबांच्या थंड बाटल्यांसाठी आणलेला बर्फ काखेत, मानेला लावला. बादल्या आल्या. रेनकोट काढून पोरं त्यानेच वारा घालायला लागली. कुणीतरी तोंडात पाणी घालायला गेलं तर त्या मुलाने हात धरला, शुद्ध नाही, तोंडात काही घालू नका. तालमीत जे चुकतमाकत चाललं होतं ते आता कुणी न सांगता होत होतं. कुणी शिट्टी वाजवली नाही.

रुग्णवाहिका होती, तालमीसाठीच आणली होती. तिचा ड्रायव्हर समितीने ठेवलेले पोहे-जलेबी खात बसला होता, तो प्लेट टाकून पळाला. फाटकात साहेबांची गाडी आडवी होती. ती साहेबांनी स्वतः मागे घेतली.

हे सगळं मी मान वाकडी करून बघत होते, कारण मला स्ट्रेचरवरून सोडवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पट्टे फार छान आवळले होते. शेवटी मास्तर आले आणि काळी पट्टी बांधलेल्या हातांनी त्यांनी मला सोडवलं. "चला," म्हणाले, "तुम्ही त्यांच्याबरोबर बसा."

दवाखान्यात ताईंना आत नेलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. एक नर्स आली आणि माझ्या कपाळाकडे बघून ओरडली, "इनको बाहर क्यों बिठाया? सिर फटा है!" तिने मला हाताला धरून उठवलंच. मी म्हटलं, कुंकू आहे. तिला पटेना. पदराने पुसून दाखवलं तेव्हा सोडलं, आणि जाताना माझ्याकडे अशी बघत गेली, जणू मला दुसऱ्याच डॉक्टरची गरज आहे.

मग आम्ही बाकावर बसलो. ह्यांच्या अंगात अजून नारिंगी जाकीट होतं. ताईंच्या मुलाला पुण्याला फोन लावला, पण ह्यांना सांगताच येईना, नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहिले. मी फोन घेतला आणि सांगितलं. आईला ऊन लागलंय, डॉक्टर बघतायत, तू निघ. मी फोनवर एवढं बोलले हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

आतून डॉक्टर आले. अंगातली उष्णता थोडी उतरतेय, पण शुद्ध कशी येते ते बघावं लागेल, म्हणाले. त्यांच्या बोलण्यावरून चांगलं की वाईट ते काही कळलं नाही. मला एकच गोष्ट दिसत होती, ती आमच्या दोन घरांमधली भिंत आणि तिच्या पलीकडे कुणी नाही. मी देवाला काही कबूल केलं नाही. ताईंना केलं. मनातल्या मनात म्हटलं, तुम्ही उठा, मग दुपारी झोपायच्या वेळेलाही बोललात तरी मी ऐकेन.

बराच वेळ गेल्यावर हे म्हणाले, "साहेबांसाठी थांबायला नको होतं."

 ते त्यांना कळलेलं होतं, त्याच्यावर आणखी काय बोलायचं?

मग पुन्हा जरा वेळाने, समोरच्या भिंतीकडे बघत, "तुला माझं नाव येतं?"

"लग्नपत्रिकेवर वाचलं होतं," मी म्हटलं.

ह्यांच्या तोंडावर हसू येऊन गेलं, आणि मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ जाकिटाला पुसला. ते जाकीट प्लॅस्टिकचं, त्याने चष्मा काही पुसला जात नव्हता.

संध्याकाळकडे आम्हाला आत बोलावलं. ताई डोळे मिटून होत्या, हाताला सलाईन. डॉक्टर वाकून विचारत होते, "अम्मा, नाम बताइए. कहाँ हैं आप?" ताई ओठ हलवत होत्या, शब्द येत नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "आज कौन सा दिन है?"

ताईंनी डोळे उघडले. आधी डॉक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या अंगावरच्या दवाखान्याच्या हिरव्या कपड्यांकडे.

"आज संकष्टी आहे," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा होता. "आणि माझी पैठणी कुठाय?"

"भिजली हो ताई," मी म्हटलं. "पाणी ओतावं लागलं."

"पैठणीवर पाणी? किसने डाला? बोअरचं का नळाचं?"

डॉक्टर म्हणाले की ठीक आहे, आता आराम करू द्या, बोलू देऊ नका. नर्स म्हणाली, हे आम्ही कसं करायचं? कारण ताई थांबतच नव्हत्या. बोअरच्या पाण्याने जर काळी पडते, फोटो आला का, तोंड उघडं असतानाचा तर नाही ना आला, भाऊजींचं तोंड असं का झालंय. हे पडद्यामागे जाऊन उभे राहिले. मी स्टूल ओढून ताईंच्या उशाशी बसले आणि ऐकत राहिले.

त्या आठवडाभर दवाखान्यात होत्या. घरी आल्यावर सगळी हकीगत त्यांनीच कॉलनीला सांगायला सुरुवात केली. ज्या बाईला त्यातलं काहीच आठवत नाही, तीच ते सगळ्यात जास्त सांगते. त्यांच्या सांगण्यात मी पट्टे तोडून उठते. मी काही पट्टे तोडले नाहीत. म्हणून मी हे माझ्यापुरतं, झालं तसं लिहून ठेवलं. कुणाला दाखवायचं नाही.

समिती बंद पडेल असं मला वाटलं होतं, पण ताई घरी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कामाला लागले. पुढच्या उन्हाळ्यातली तालीम सूर्य वर यायच्या आत सुरू करायची, पाहुणे आले तर आले. पेशंट सावलीत निजवायचे, उपासाच्या बाईला पेशंट करायचं नाही, आणि पट्टी कोणतीही असो, प्रत्येकाला हात लावून विचारायचं. शिवाय शिकवणारा मुलगा म्हणाला की चूक त्याचीही होती. अशा तालमीत एक शब्द आधी ठरवून ठेवायचा असतो, तो ऐकला की सगळं नाटक तिथल्या तिथे थांबवायचं, कारण तो शब्द म्हणजे आता खरंच काहीतरी झालंय. आपण तो ठरवलाच नव्हता.

मग शब्द कोणता, यावर बैठक बसली. "खरंच" चालणार नाही, ते मी ओरडून बघितलं होतं. "थांबा" नको, ते सगळेच म्हणतात. कुणी देवाचं नाव सुचवलं, पण पाय मोडलेला माणूस ते घेणारच. बायकांनी आपसात कुजबुज केली आणि एकीने उभं राहून ठराव मांडला. ह्यांचं नाव. ते एकदा कॉलनीत सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि तेव्हा सगळे थांबले होते. ह्यांनी हरकत घेतली, पण ती घेताना त्यांचे कान लाल झाले होते आणि मला वाटतं, त्यांना आवडलं होतं. ठराव पास झाला. आता आमच्या कॉलनीत शाळेतली पोरंसुद्धा सरावासाठी ह्यांना नुसत्या नावाने हाका मारतात आणि ह्यांना ओ द्यावी लागते.

वर्ष गेलं, आणि यंदाच्या तालमीआधी त्या शिकवणाऱ्या मुलाने सगळ्या बायकांना ओळीने उभं केलं. प्रत्येकीने तो शब्द मोठ्याने म्हणून दाखवायचा. एकेक बाई मजेत ओरडत होती, हे खाली मान घालून उभे होते. ओळ माझ्यापाशी आली.

"बोलिए, माताजी."

माझा घसा कोरडा पडला. मी पदराशी चाळा करायला लागले. तो थांबला. "जोर से, माताजी. सबको बोलना है."

ताई माझ्या शेजारीच होत्या, सुती साडीत, हातात पाण्याची बाटली. त्यांनी त्याला हाताने पुढे ढकललं.

"वहिनींना काय विचारतोस? गरज पडली की म्हणतील त्या. तू पुढच्या बाईकडे जा."